छातीत न सापडलेली गोळी

गोळी हरवली नसती, तर त्या दोघांची गाठही पडली नसती.

तळघरातल्या शवागारात नवी डॉक्टरीण सकाळपासून हैराण झाली होती. मृताच्या छातीवर गोळी शिरल्याची जखम होती, बाहेर पडल्याची कुठेच नव्हती, आणि गोळीचा मात्र पत्ता नाही! शेवटी वरच्या मजल्यावरचा एक्स-रेवाला आपलं यंत्र सामानाच्या लिफ्टमधून खाली घेऊन आला. त्यानं छातीचा फोटो काढला. काहीच नाही.

"गोळीला पाय फुटले वाटतं," तो म्हणाला.

"फुटलेही असतील. पायांचा काढा."

त्याला थट्टाच वाटली. पण मांडीच्या फोटोत ती होती — पांढरीशुभ्र, निवांत पडलेली! हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीत शिरली आणि रक्ताबरोबर वाहत खाली गेली, असं डॉक्टरिणीनं समजावलं. तो फोटोकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघत होता... तिच्या ते लक्षात आलं, आणि आवडलंही. लबाड कुठली!

मग वर्षभर फोटो आणायला ती स्वतःच तीन जिने चढायची. शिपाई होता की — पण त्याला आयताच आराम. "आलात? आधी दम खा," म्हणत एक्स-रेवाला खुर्ची पुढे करायचा. ती जगभरचं बोलायची, मनातलं तेवढं सोडून. आधी त्यानं बोलावं, हा तिचा हट्ट.

तो बोलला, पण भलतंच. त्याचं लग्न ठरलं होतं. आईच्या मैत्रिणीची मुलगी, शब्द दिलेला.

"अभिनंदन," ती म्हणाली.

"वर्षभर तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल, म्हणून वाट बघत होतो... काहीच नाही दिसलं."

"छातीच्या फोटोत तरी कुठं दिसलं होतं?" तिचे डोळे भरून आले. "माझे पाय बघायचे होते हो... शिपाई असताना रोज तीन जिने कोण चढतं?"

तो खाली बसला. "आता... आता शब्द मोडू?"

तिला हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं.

"नको. त्या मुलीनं काय केलंय?"

दुसऱ्या दिवशी तिनं शिपायाला वर पाठवलं. म्हातारा कुरकुरत परतला.

"ते विचारत होते, बाईंचे पाय दुखतायत का म्हणून."

तिनं फोटो उजेडासमोर धरला. बराच वेळ तिला काही दिसेना.

"सांगा त्यांना," ती म्हणाली, "दुखतायत."