घेतला म्हटल्याशिवाय

खिडकीची काच फुटली, तिथून हे सगळं सुरू झालं. आईच्या खोलीची खिडकी. वाऱ्याने एकदा अशी आपटली की काचेचा नुसता चुरा. आईने तिथे पुठ्ठा लावला. तो दिवसभर फडफडत राहिला, आणि मग आईचीही फडफड सुरू झाली. "घरातली दोन-दोन माणसं काचेच्या कारखान्यात, आणि माझ्या खिडकीला पुठ्ठा! ऐकणारा हसेल की नाही?"

दोन माणसं म्हणजे ताई आणि तिचा धाकटा भाऊ. ताई पॅकिंगला, भाऊ काच कापायला. त्याला घरात बुटक्या म्हणत. लहानपणी तो खरंच बुटका होता. पुढे असा वाढला की दारातून वाकून जावं लागे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तोंडाने फटकळ, हाताने मात्र सफाईदार. काच कापायची हिरकणी एकदा फिरवली की काच बरोबर हवी तिथेच तुटायची.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मालकाकडून किल्ली घेऊन दोघं कारखान्यात गेली. "तू नुसती एका टोकाला धर ताई, बाकी मी बघतो," तो म्हणाला. गल्ली सामसूम होती. आजूबाजूची दुकानं बंद, बाहेर ऊन रणरणतंय. बुटक्याने शटर अर्धवट वर केलं आणि दोघं वाकून आत शिरली. आत काचेच्या बारीक भुकटीचा तो ओळखीचा कोरडा वास. विजेचं मोठं बटण बंद होतं आणि ते ज्या खोलीत होतं तिला मालकाचं कुलूप. मग काय, बुटक्याने मोबाइलचा उजेड पुढे धरला आणि दोघं तळघराच्या जिन्याशी आली. जिन्याच्या तोंडाशी प्रथमोपचाराची पेटी टांगलेली असे. जाता जाता ताईने सवयीने तिला हात लावला.

ही सवय मावशीची. मावशी म्हणजे पॅकिंगमधली सगळ्यात जुनी बाई. काचेच्या कामात कापणं रोजचंच, म्हणून ती सगळ्यांकडून सारखा सराव करून घ्यायची. जखमेवर स्वच्छ फडकं ठेवा, तळव्याने जोर लावून दाबा. रक्त वर आलं तरी फडकं उचलून बघायचं नाही, त्यावरच दुसरं ठेवायचं. काच रुतून बसली असेल तर उपसायची नाही. माणसाला आडवं करा, अंगावर काहीतरी घाला, त्याच्याशी बोलत राहा. हे काय, सगळीकडेच शिकवतात. पण या कारखान्याची एक रीत जास्तीची होती. दाबणारा थकला आणि दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची झाली, की दुसऱ्याने आधी त्याच्या हातावर आपला हात ठेवायचा, पुरता जोर द्यायचा आणि म्हणायचं, "घेतला." मग पहिल्याने म्हणायचं, "सोडला," आणि खालून हात सरकवून काढायचा. जखम क्षणभरही मोकळी राहता कामा नये. घेतला ऐकायच्या आत कुणी हात काढला, तर मावशी पाठीत असा धपाटा घालायची की पुन्हा म्हणून तो विसरायचा नाही. बुटक्या तिला चिडवायला चहाचा कप देतानाही विचारायचा, "घेतला? बघ हं, सोडला!"

तळघरात भिंतीला टेकून काचा उभ्या होत्या. बुटक्या पुढे झाला, एक काच त्याने अलगद ओढली. ताईने टोक धरलं. आणि तेवढ्यात मागची, जिला कुणी हातही लावला नव्हता, ती मोठी काच हळूच पुढे झुकली.

"ताई, सोड! मागे हो!"

तिला ढकलण्यात त्याला स्वतःला सरकता आलं नाही. कानठळ्या बसवणारा आवाज झाला. मोबाइल कुठेतरी पडून विझला. जिन्यावरून येणाऱ्या पुसट उजेडात तिला दिसलं ते एवढंच, की बुटक्या खाली बसलाय आणि मांडीकडे बघतोय.

"काही नाही गं... थोडं लागलंय," तो म्हणाला. थोडं कसलं! मांडीच्या अगदी वर, जांघेजवळ आतल्या बाजूला काचेने उभं चिरलं होतं आणि रक्त उसळ्या मारून येत होतं. ताईने ओढणी ओढली, तिची घडी केली, जखमेवर ठेवली आणि दोन्ही तळवे रोवून सगळं अंग त्यावर टाकलं. वर आवळून बांधायला जागाच नव्हती. दाबून धरणं, एवढंच तिच्या हातात होतं.

"आडवा हो. बोलत राहा माझ्याशी."

"आईला सांगू नकोस... अजून एक काच फुटली म्हणून," बुटक्या म्हणाला. हसायला गेला आणि त्याचे दात वाजायला लागले.

तळघरात मोबाइल कधीच लागत नसे. ती ओरडली. पुन्हा ओरडली. तिचाच आवाज काचांवर आपटून परत आला. वर जाऊन फोन करायचा तर हात काढावा लागणार. हात काढला तर हा जाणार. नाही काढला तरी जाणार, फक्त थोड्या उशिराने. तिने त्याचा हात ओढून जखमेवर ठेवून बघितला, तो घसरून खाली पडला. त्याची बोटं तिला सापडेनात, इतका अंधार वाटायला लागला. की तिलाच दिसेनासं झालं होतं, कोण जाणे.

"बुटक्या... ए बुटक्या, बोल ना रे..."

तो बोलला नाही. आणि मग तिच्या मागून, जिन्याच्या नव्हे तर भिंतीकडच्या बाजूने, काचेच्या चुऱ्यावर पाऊल पडल्याचा आवाज आला. कुणीतरी शेजारी गुडघे टेकले. काच बसवायच्या पुटीनचा तेलकट वास आला. एक मोठा, खरखरीत हात तिच्या हातांवर आला आणि त्याने पुरता जोर दिला.

"घेतला," कुणीतरी हळूच म्हणालं.

आता तुम्ही म्हणाल, निदान वळून बघायचं तरी! पण वर्षानुवर्षं घोटलेली रीत होती ती. हातांनी डोक्याला विचारलंच नाही.

"सोडला," ती म्हणाली, खालून हात काढले आणि जिन्याकडे धावली. अर्ध्या जिन्यात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की तो हात बर्फासारखा गार होता.

वर येऊन तिने फोन केला, आणि वाट दाखवायला ती गल्लीत उभी राहते न राहते तोच ॲम्ब्युलन्स आली, हे नशीबच म्हणायचं. माणसं बॅटरी घेऊन खाली धावली. बुटक्या एकटाच पडला होता. मांडीवरची ओढणीची घडी खोल दबलेली होती, वर कुणी भार टाकून बसावं तशी. एकाने त्या घडीवरच पट्टी चढवली, दुसऱ्याने उचललं आणि निघाले. त्यांना आपल्या कामाची घाई. घेतला वगैरे म्हणणं त्यांच्या रीतीत कुठून असणार?

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "दाबून धरलं म्हणून वाचला. ज्याने धरलं त्याचा हात भलताच मजबूत दिसतोय." ताईने स्वतःच्या हाताकडे बघितलं.

टाके निघाले, जखम भरली, बुटक्या घरी आला. पण तो पहिला बुटक्या नव्हता. व्रणाभोवती पाच बोटांचे आणि तळव्याचे निळसर वळ होते. ते काही जात नव्हते. तिथलं अंग गार पडलेलं. शेकलं, चोळलं, तरी गारच. डॉक्टर म्हणत सगळं ठीक आहे. आणि तो गारवा रोज थोडा थोडा पसरत गेला, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. बुटक्याचं चिडवणं थांबलं, मग जेवण सुटत गेलं. आईच्या खोलीत तो पांघरुणं घेऊन पडून असायचा आणि खिडकीचा पुठ्ठा फडफडत राहायचा. काच आणायचं नाव आता कुणी काढत नव्हतं.

"ताई," एकदा तो भिंतीकडे बघत म्हणाला, "कुणीतरी अजून धरलंय गं मला."

ताईने त्याचं पांघरूण नीट केलं. ती उठली आणि तडक मावशीकडे गेली.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. तळघर म्हटल्यावरच तिचा चेहरा उतरला होता. "पुटीनचा वास आला होता?" तिने विचारलं. ताईने मान हलवली.

"मग मास्तरच तो," मावशी म्हणाली. "तू यायच्या खूप आधीची गोष्ट. आम्हाला सगळ्यांना त्यानेच शिकवलं. ही घेतला-सोडलाची रीतही त्याचीच. असंच काचा कोसळल्या तळघरात, एका कामगाराचा दंड कापला. मास्तरने दाबून धरला. त्याच्या स्वतःच्या पाठीत काच घुसली होती, पण त्याने हूं की चूं केलं नाही. माणसं पोचली तोवर मास्तर गेला होता. हात मात्र तसाच, दंडावर. कामगार वाचला."

"आणि हात?"

"ओढून काढला. घेतला असं कुणी म्हटलं नाही. गेलेल्या माणसाला कोण म्हणणार गं?" मावशीने डोळ्यांना पदर लावला. "बिचारा अजून थांबलाय. कुणी घेतला म्हटल्याशिवाय तो काही सोडायचा नाही."

"मग मी म्हणते की! जखम तर भरलीय."

मावशीने तिचं मनगट धरलं. "विचार करून म्हण हो," ती हळूच म्हणाली. "ज्याने घेतला, त्याने धरायचं असतं."

पण विचार करायला ताईकडे धीर होता कुठे? घरी आली ती सरळ बुटक्याच्या उशाशी. भर दुपार होती. आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. ताईने पांघरूण बाजूला केलं, चादरीची घडी व्रणावर ठेवली आणि त्या वळांवर बरोबर आपला तळवा टेकवला. हाडापर्यंत गारठा शिरला. तिने पुरता जोर दिला.

"मास्तर," ती म्हणाली. "खूप उपकार झाले तुमचे. आता... घेतला."

पुठ्ठा फडफडायचा थांबला. पुटीनचा तो वास आला. तिच्या तळव्याखाली काहीतरी हललं, आणि एक मोठा, खरखरीत हात सावकाश, अगदी रीतीप्रमाणे, खालून सरकत निघाला.

"सोडला..."

त्या आवाजात इतकं दमलेपण होतं की ताईला रडूच फुटलं. चादरीच्या कडेला दिसणारे वळ बघता बघता फिके झाले. तिच्या हाताखाली मांडी कोमट लागायला लागली. बुटक्याने डोळे उघडले. गालांवर रंग आला होता.

"रडतेस काय वेड्यासारखी? भूक लागलीय मला," तो म्हणाला. किती दिवसांनी हे ऐकलं तिने! "आणि काढ की हात. कणीक समजलीस का मला?"

हसत हसत ताईने हात जरा सैल केला. तळव्याखाली काहीतरी ओलं लागलं. ओलं आणि गरम. तिने पुन्हा दाबलं.

"ताई? काढ ना."

"थांब... जरासा थांब." तिने घडी उचलून बघितलं नाही. उचलून बघायचं नसतं. तिचे खांदे आत्ताच भरून आले होते. "आई! आई, इकडे ये. हातातलं टाक आणि ये!"

आई पदराला हात पुसत आली. "काय गं, काय झालं? अगंबाई, रंग बघ कसा आलाय पोराच्या तोंडावर!"

"आई, माझ्या हातावर हात ठेव. जोराने दाब. आणि म्हण, घेतला."

"हा काय खेळ मांडलाय?" आई म्हणाली, पण लेकीचं तोंड बघून तिने निमूट हात ठेवला. "हं, घेतला."

"सोडला," ताई म्हणाली आणि तिने खालून हात सरकवून काढला. खिडकीच्या उजेडात धरून बघितला. कोरडा होता. रक्ताचा एक ठिपकासुद्धा नव्हता. घडीही पांढरी स्वच्छ दिसत होती. तिने मोठा सुस्कारा सोडला.

"अगं," आई म्हणाली. ती आपल्या हाताकडे बघत होती. "हे ओलं कसलं लागतंय?"

"हात काढू नकोस, आई."

"नाही काढत. पण किती वेळ धरू?"