वारा पडला तेव्हा

काम अगदी साधं होतं. तळ्याकाठच्या उतारावर नाचाची जागा आखायला रोवलेल्या खुंट्या उपटायच्या, त्यांच्यातली दोरी गुंडाळायची आणि घरी यायचं. त्या कामाला तुमची ताई मागे राहिली, म्हणजे माझी भाची. तिनं नाच का सोडला हे तुम्ही सारखं विचारता ना? तिला विचारू नका. मला तिनं एकदाच सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. मीठमसाला लावत नाही. तो दिवा राहू दे तसाच.

तर त्यांच्या संचाचा प्रयोग त्या उघड्या उतारावर होणार होता. पडदा नाही, लाकडी फळ्या नाहीत. पायाखाली गवत, समोर पाणी आणि पाण्यावरून येणारा वारा. शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं असं की इथे नाच बसवायचा नाही, जागेकडून घ्यायचा. किती वाकायचं ते उतार गुडघ्याला सांगेल, किती रेलायचं ते वारा पाठीला सांगेल. बाकीच्यांना जमत होतं. एक जण तर बगळ्याकडे बघून मान वळवायला शिकला होता. ताईला मात्र काही केल्या जमेना. सभागृहात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं, आणि इथे घोटा मुरगळायचा, ताल निसटायचा, वाऱ्यावर रेलायला जावं तर जमिनीवर आपटायची. संचातली मुलं तिला खांब म्हणायला लागली. तीन आठवडे ती रोज पडत होती आणि बाई रोज एकच वाक्य म्हणत होत्या, तू ऐकत नाहीस. आता गवताचं काय ऐकायचं, सांगा. ती घरी येऊन आईवर वसकायची, ताटावरून अर्ध्यात उठायची. त्या दिवशी बाईंनी सांगून टाकलं की उद्या जमलं नाही तर मधला एकटीचा नाच दुसरीला देते. आणि जाता जाता म्हणाल्या, तेवढ्या खुंट्या काढून आण.

सगळे गेले. ही धुमसत तिथेच बसून राहिली.

अमावास्या होऊन दोनच दिवस झाले होते. नखाएवढी कोर तळ्यापलीकडे बुडाली तेव्हा आठ वाजायला आले होते. लांब रस्त्यावर एक दिवा. बाकी काळोख, आणि वारा असा की दोरी हातात ठरेना. तिनं खुंट्या उपटल्या, दोरी गुंडाळली. मग मनात आलं, बघायला कुणी नाही, एकदा शेवटचं करून बघू. चपला काढल्या आणि सुरुवात केली. पडली. पुन्हा पडली. तळ्याला तोंड भरून शिव्या दिल्या आणि परत उभी राहिली.

या वेळी काय झालं कोण जाणे. वारा लागला आणि पाठ आपसूक सैल झाली. गुडघे उतार धरून वाकले. ती मागे रेलली, इतकी की मागे जोडीदार असल्याशिवाय कुणी रेलणार नाही. वाऱ्यानं तिला पेललं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती हसली.

मग वारा पडला.

काठच्या लव्हाळ्याची सळसळ थांबली. पाणी गप्प झालं. कपाळावर उडणारी बट खाली आली.

ती पडली नाही.

तशीच रेललेली. पाठीशी काही नाही. हात नाही, श्वास नाही. पण तिचा भार... भार कुणीतरी घेतला होता.

"कोण आहे?"

...

आधार तेवढा डावीकडे सरकला. हळूच. नाचणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ कळतो. आता इकडे वळ.

ती वळली. वळायचं नव्हतं, पण अंग ऐकत होतं. एक पाऊल. आणखी एक. उताराच्या खाली. गवत संपलं. चिखल लागला. पाणी... घोट्याला. गुडघ्याला. आणि ती मला म्हणाली, मामा, सगळ्यात वाईट म्हणजे नाच सुरेख होत होता.

कमरेला गार पाणी लागलं आणि तिचं डोकं फिरलं. भीतीनं नाही, संतापानं. बाई म्हणतात ऐक, मुलं म्हणतात ऐक, आणि आता हेही...

"नाही ऐकत जा," ती म्हणाली.

गुडघे ताठ. पाठ ताठ. मान ताठ. फळ्यांवर टाकावं तसं पाऊल तिनं चिखलात दाणकन आपटलं. पुन्हा. पुन्हा. आधार एकदम सुटला आणि ती धाडकन पाण्यात आडवी झाली. नाकातोंडात पाणी गेलं. हातांनी गवत धरत ती वर आली आणि मागे न बघता पळत सुटली. दोरी, खुंट्या, चपला, सगळं तिथेच.

आई म्हणाली, दमली आहेस, झोप. बाईंनी तर पुरतं ऐकूनही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं म्हणून त्यांनी तालीम सभागृहात घेतली आणि हिला पुढे उभं केलं. वाऱ्याच्या जागी एक जोडीदार मागे, हिनं त्याच्या हातांवर रेलायचं. नाइलाजानं ती रेलली. बाईंचा चेहरा खुलला. त्या म्हणाल्या, बघ, आज ऐकलंस.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जोडीदाराचा आवाज आला, अगदी हळू.

"अगं... मी हात केव्हाच काढून घेतलेत."

सभागृहाच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. ती अजून रेललेलीच होती.