येते हं

किल्ली परत करायची, एवढंच काम होतं. आर्नहेमजवळच्या त्या डच गावात डॉल्फची खोली सोमवारी पाडणार होते. इंडोनेशियाहून आलेल्या घरातला हा पोरगा. गावातलं पहिलं रॉक अँड रोल त्याने सायकलच्या दुकानामागच्या याच खोलीत वाजवलं आणि पुढे अख्ख्या देशाला नाचवलं. तो गेल्यावर गावकऱ्यांनी समिती काढली, त्याचा अँप्लिफायर जपला, कोट जपला. खेमेंतेने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, जागा पार्किंगला दिली. वर मखलाशी अशी, की पार्किंगच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लावू!

समितीतली संहिता आठवडाभर ऑफिसात कोड लिहायची आणि शनिवारी इथे येऊन धूळ पुसायची. निघताना डॉल्फच्या फोटोला सवयीने म्हणायची, "येते हं." तिच्या सासूबाईंना, कांताबाईंना, हे कळलं तेव्हा त्या पुण्याहून फोनवरच ओरडल्या होत्या, "अगं, मेलेल्या माणसाला येते म्हणू नये! तो वाट बघत बसतो."

आज दुपारीच अंधारून आलं होतं. नगरपालिकेचा मार्टेन किल्लीसाठी हात पुढे करून दारात उभा होता. आतून ओल्या लाकडाचा वास येत होता, आणि त्यात लवंगेच्या सिगारेटचा. डॉल्फ तीच ओढायचा, असं गावातले म्हातारे सांगत. मग घूं… असा बारीक आवाज सुरू झाला. अँप्लिफायरचा लाल दिवा लागला होता. त्याची वायर मात्र जमिनीवर मोकळीच पडलेली.



मार्टेनला वाटलं, कुणीतरी आत राहिलंय. त्याने डचमध्ये हाक मारली, "आत कोणी आहे का?"

"या…"

मार्टेनने ऐकलं ते डच 'या'. म्हणजे हो, आहे. संहिताने ऐकलं ते आपलं 'या'. तिचं डोकंच फिरलं. मेलेला माणूस जागा सोडत नाही, आणि आपण जित्याजागत्यांनी किल्ली देऊन मोकळं व्हायचं? तिने किल्ली मुठीत आवळली.

"ऐकलंत ना? घरात माणूस आहे. राहतं घर पाडून दाखवा!"

"संहिता… कोण आहे आत?" मार्टेन मागे सरकला.

तिने दार ओढलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. कांताबाईंचं बोलणं कानात घुमत होतं. तरी तिने बंद दाराला ठणकावून सांगितलं, "येते हं!"

"या," आतून आलं. या वेळी आवाज दोन होते. दुसरा तिचा स्वतःचा होता.