चातुर्मासातलं विष

“विष घालणारीचा भाऊ आला गं!” असं आत ओरडून रविकांत वकिलांनी मेहुण्याचं स्वागत केलं.

कमलाकांत मास्तर तो अपमान गिळून ओसरीवर चढले. सत्तावन सालचा आश्विन होता. ‘लगेच आला नाहीस तर मला पोलिसात देणार आहेत,’ असं बहिणीचं, रमाचं, पत्र येताच त्यांनी अकोल्याहून पहिली गाडी धरली होती. सोबत देवमन तायडे होते. तायडे पूर्वी लष्करी इस्पितळात कंपाउंडर होते; आता खासगी चौकशीची कामं करत.

तायड्यांचं नाव कानावर पडताच वकिलांच्या बहिणीनं, अनुपमानं, ओसरीवरची सतरंजी गुंडाळून घेतली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बसाले नाई आलो, बाई,” तायडे शांतपणे म्हणाले. “उभ्यानंच ऐकतो. सांगा.”

“सांगायचंय काय? दोन महिने झाले, आई भ्रमिष्टासारखी बोलते. चालताना झोकांड्या जातात, तोंडभर पुळ्या उठल्यात. गेल्या आश्विनात हेच झालं होतं. कार्तिकी एकादशी झाली, ही बया माहेरी गेली, आणि महिन्याभरात आई खडखडीत बरी! आणखी कसला पुरावा हवा?”

“माहेरून परत कवा आल्या?”

“पौषात.”

“मंग पौषापासून आषाढापर्यंत सैपाक कोण करे?”

“हीच.”

“तवा माय कशा होत्या?”

अनुपमा घुटमळली. “बऱ्या होत्या. तेव्हा हिचा डाव जमला नसेल.”

मास्तर शाळेत गणित शिकवत. पण माणसांचं गणित त्यांना कधी सुटलं नव्हतं. आताही त्यांना एवढंच कळलं की बहीण बुडाली.

रमा स्वयंपाकघरात होती. रडून रडून तिचे डोळे कोरडे झाले होते.

“मामंजी गेल्यापासून सासूबाई चातुर्मासात मीठ सोडतात. अळणी भात, अळणी भाजी. मी सगळ्यांसमोर वाढते आणि उरलेलं स्वतः खाते.”

“एरवी मीठ खातेत?”

“एरवी ठेच्याशिवाय घास उतरत नाही त्यांना.”

“अन् औषध?”

“त्याला मला हात लावू देत नाहीत. ते आमचे हे स्वतः पाजतात.”

रमाच्या सासूबाई, गोदावरीबाई, आतल्या खोलीत खाटेवर होत्या. मास्तरांकडे बघून त्यांनी डोक्यावरून पदर ओढला आणि आपल्या मेलेल्या नवऱ्याशी बोलावं तशा बोलू लागल्या. “बघा हो, खारट देतात मला! माझं व्रत मोडतात मेले!”

“ऐकलंत?” अनुपमा कडाडली. “अन्नात काहीतरी कालवते ती!”

तायड्यांनी कोनाड्यातली औषधाची बाटली उचलली. कोणी नको म्हणायच्या आत एक थेंब जिभेवर ठेवला. “हे कायचं?”

“झोपेचं,” वकील म्हणाले. “गेल्या वर्षी वैशाखात बाबा गेले तेव्हा डॉक्टरांनी दिलं. चिठ्ठी दाखवली की दुकानदार भरून देतो. आई हल्ली रात्रभर बडबडते, म्हणून मी आता दिवसातून तीनदा देतो. स्वतःच्या हातानं! बायकोवर विश्वास नाही माझा.”

तायड्यांनी चिठ्ठी मागितली. मास्तरांनी त्यांच्या खांद्यावरून वाचली. पोटॅशियम ब्रोमाइडचं मिश्रण, रोज झोपताना एक मात्रा, पंधरा दिवस. मास्तरांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

तायड्यांनी रमालाही खोलीत बोलावलं.

“वकीलसाहेब, घरात विष आहे.”

“मी म्हटलंच होतं!”

“अन् थे तुमी पाजून राहिले.”

वकील अंगावर धावले. मास्तर मधे पडले; त्यांचा धक्का लागून वकील भिंतीवर आदळले, आणि मास्तरांना मनापासून बरं वाटलं.

“हे ब्रोमाइड मी इस्पितळात रोज वाटलं,” तायडे म्हणाले. “मीठ खाणाऱ्याच्या अंगातून थे लघवीवाटे निघून जाते. मीठ तुटलं का अंगात साचते. मंग भ्रम, झोकांड्या, तोंडावर पुळ्या. पौषापासून आषाढापर्यंत औषधही चालू होतं, सूनही होती; पण माय ठेचा खाऊन राहिल्या होत्या, म्हणून तगल्या. कार्तिकीले व्रत सुटलं, मीठ आलं, म्हणून बऱ्या झाल्या. सून माहेरी गेली म्हणून नाई.”

“आणि ते खारट?” मास्तरांनी विचारलं.

“अळणी जेवणाऱ्या बाईले खारट कुठून लागंल, मास्तर? ब्रोमाइड खारटच असते. या घरात खरं बोलणाऱ्या एकट्या मायच होत्या. तुमी मायलेच येडी ठरवलं!”

काखेत कळसा अन् गावाला वळसा, तसं वकिलांचं झालं होतं.

“पण औषधानं कोणी आजारी पडतं का?” वकील पुटपुटले. “वय झालं की औषध वाढायचंच.”

“पंधरा दिवसांचं लिहून देल्लं, तुमी दीड वर्ष पाजलं! बडबड वाढली का मात्रा वाढवली, मात्रा वाढली का बडबड वाढली. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात औषध घालणारे लय भेटतात, काढणारा कोणी नाई. आजच बंद करा. डॉक्टरले बोलवा, थो सांगंल तसं मीठ द्या.”

“व्रत मोडायचं?” अनुपमानं विचारलं.

रमाकडे न बघताच वकील म्हणाले, “जा, मीठ घालून पेज कर.”

“आधी माफी मागा तिची!” मास्तर गरजले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मेहुण्यापुढे आवाज चढवला.

“नको दादा,” रमा म्हणाली. “पेज करते मी. सासूबाई शुद्धीवर येईपर्यंत इथंच आहे.” मग ती नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. “त्या शुद्धीवर आल्या की त्यांना सांगायचं. दीड वर्ष काय पाजलंत आणि नाव कोणाचं घेतलंत, ते माझ्यासमोर सांगायचं. ते ऐकलं की मी दादाबरोबर अकोल्याला जाईन. मला न्यायला येऊ नका.”

रमा स्वयंपाकघरात गेली आणि तांदूळ निवडायला बसली.