सव्वादोनची होडी

हिरवा.

पुलावरच्या केबिनमध्ये ट्यालिंगला काम एकच: कधी रस्ता थांबवायचा, कधी पाणी. होड्यांसाठी दिव्यांच्या खुणा: लाल म्हणजे थांबा, लाल आणि हिरवा म्हणजे पूल उघडतोय, हिरवा म्हणजे या. फाटकं पाडायची, बटण दाबायचं, रस्त्याचा अख्खा तुकडा आभाळाकडे उचलायचा. शिडाची होडी जाताना गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडायचा, नावाडी त्यात पुलाचे दोन युरो टाकतो. मग रस्ता पुन्हा जागेवर.

हल्ली रोज सव्वादोनला एक काळी होडी येई. सुकाणूवर करड्या टोपीतला उंच माणूस. आणि नेमकी तेव्हाच फ्राउक्ये, ट्यालिंगची बायको, फाटकाशी सायकल धरून उभी. मान उंचावून, हरखून बघत. लग्नाच्या बारा वर्षांत ट्यालिंगकडे तिनं असं एकदाही पाहिलं नव्हतं.

लाल आणि हिरवा.

"उंच आहे, नाही?" बटाटे सोलताना त्यानं विचारलं.

"आहे की." ती हसली. "आणि तुझ्यासारखा कुरकुरत नाही."

"कोण आहे तो?"

"मला काय विचारतोस? तुलाच ठाऊक!"

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी होडी उघडलेल्या पुलातून जात असताना मासेवाल्या येल्मरनं गाडीतून डोकं बाहेर काढलं. "अरे ट्यालिंग, पूल कुणासाठी उघडलास? बदकांसाठी?"

"ती होडी दिसत नाही तुला?"

"कुठाय?"

ट्यालिंगनं बूट वर ओढला. आत दोन युरो होते. बर्फासारखे गार.

लाल.

तिसऱ्या दिवशी त्यानं पूल उचललाच नाही. थांब म्हणावं लेका. रस्ता मोकळा, फाटकं वर. आता बाईसाहेबांना थांबायला निमित्त नाही.

होडी थांबली.

फ्राउक्येही थांबली. मग सायकल कठड्याला लावून जिना चढून वर आली.

"फाटक उघडं होतं," तो म्हणाला. "तरी त्याची होडी बघत उभी राहिलीस."

"कसली होडी?"

त्यानं बोट दाखवलं. काळी होडी लाटांवर हलत होती. सुकाणूवर कुणी नव्हतं.

"मी केबिनकडे बघते रे," ती म्हणाली. "तुझ्या मागे ते उंच गृहस्थ उभे असतात ना, त्यांच्याकडे."

ट्यालिंग हलला नाही.

ती गोड हसली. त्याच्या खांद्यावरून, पलीकडे.

"आज टोपी काढलीत?"

खिडकीबाहेर काठीची दोरी वाऱ्यावर झुलत होती. बूट नव्हता.

मागे, फळीवर, एकच लाकडी पाऊल वाजलं.