रिपीटवर लावलेले स्तोत्र

विश्वास ठेवावा की न ठेवावा, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु हे घडलेले आहे. ज्याच्या बाबतीत घडले, तो उल्हास टिपणीस खोटे रचण्याइतका कल्पक नाही.

सन २००६. नोव्हेंबर महिना. जर्मनीतील नेकारसुल्म.

उल्हास तेथील गाड्यांच्या कारखान्यात अभियंता होता. काम उत्तम, पगार उत्तम, आणि कान, त्याच्या स्वतःच्या मते, सर्वोत्तम. आठवडाभर गाड्या आणि शनिवार-रविवार जुने सीडी प्लेअर, असा त्याचा आयुष्यक्रम होता. फ्लोमार्क्टमधून, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातून, वीस वर्षांपूर्वीचे एखादे जड यंत्र उचलून आणायचे. त्याच्या पोटातील मूळ चिप तेवढी राखायची, कारण तशी चिप आता कोणी बनवत नाही. भोवतीचे सारे सुटे भाग उपटून त्या जागी नवे, निवडक भाग डकवायचे. मग डोळे मिटून ऐकायचे आणि जगाची कीव करायची.

कोणाच्याही घरी गेला की आधी त्यांचे स्पीकर पाहून हा गालातल्या गालात हसे. यजमानाने हौसेने गाणे लावले, तर म्हणे, "छान आहे. म्हणजे, तुम्हाला चालत असेल तर छान आहे."

ज्याला श्रवण म्हणजे काय हे कधी उमगले नाही, त्याने कानांची मिजास करावी, याहून हास्यास्पद काय असणार?

त्याची पत्नी ऊर्मिला. तिच्यापाशी एक सीडी होती.

त्या सीडीवर तिच्या दिवंगत आई, मालिनीबाई, देवीचे स्तोत्र म्हणत होत्या. त्यांच्या घराण्यात तोंडी चालत आलेले स्तोत्र. ऊर्मिला दहा वर्षांची असताना पुण्याच्या घरी कॅसेटवर उतरवलेले. पुढे ते सीडीवर उतरवून घेतले, आणि मग कॅसेटची फीत बुरशीने गेली. आईचा आवाज उरला तो या एका चकतीवर.

त्या घरात एक रीत होती. पठण करणारी व्यक्ती आपण होऊन उठत नसे. शेवटी ती विचारी, "पुरे का?" ज्याने म्हणायला बसवले असेल, त्याने हात जोडून म्हणायचे, "पावलं. उठावं आता." मगच आसन सोडायचे. सीडीच्या शेवटच्या भागात हे दोन्ही होते. आईचा प्रश्न आणि चिमुकल्या ऊर्मिलेचे उत्तर.

ऊर्मिला रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या साध्या रेडिओवर ते लावी.

"पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी," उल्हास तोंड वाकडे करी. "हे रेकॉर्डिंग नाही ऊर्मिला, हा गुन्हा आहे."

"आई आहे ती माझी."

"आईबद्दल मी काही बोललोय का? रेकॉर्डिंग टुकार आहे."

त्या महिन्यात ऊर्मिलेची धाकटी बहीण कौमुदी जर्मनीतच, येना शहरात, आजारी पडली. ती तेथे विद्यापीठात संशोधन करीत होती. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, आणि तिची शुश्रूषा करायला ऊर्मिला घाईघाईने निघून गेली. सीडी घरीच राहिली.

इकडे उल्हासचे नवे यंत्र नुकतेच सिद्ध झाले होते. इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला लाकडी पट्ट्यांचा एकेक कप्पा असतो. तोच याचा कारखाना. शेवटचा टाका लावून त्याने पुष्करला फोन केला. पुष्कर वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये होता आणि याच व्यसनाचा दुसरा भक्त होता.

"आवाज जरा कोरडा वाटतोय रे," उल्हास म्हणाला.

"आल्झो, हे बघ, सुटे भाग कच्चे आहेत अजून. पिकायला नकोत? आठवडाभर अखंड चालू ठेव. ॲम्प्लिफायर जोडूच नकोस. नुसती सीडी फिरू दे रिपीटवर."

"कुठली लावू?"

"कुठलीही. जी तू मेलास तरी ऐकणार नाहीस, ती."

उल्हास मोठ्याने हसला. वर जाऊन त्याने ती सीडी आणली.

सीडीतला पहिलाच भाग रिपीटवर ठेवला. म्हणजे स्तोत्र आरंभापासून मध्यापर्यंत जाणार आणि पुन्हा आरंभाला येणार. शेवट येणारच नाही. प्रश्न नाही. उत्तर नाही.

कप्प्याला कुलूप लावून तो निघून गेला.

मेलेल्या माणसाला म्हणायला बसवले... आणि ऐकायला कोणीच नाही.

फोनवर ऊर्मिलेने विचारले, "आईची सीडी स्वयंपाकघरातच आहे ना रे? घाईत राहिली."

"आहे, आहे. कोण चोरणार ती?"

रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली. तळमजल्यावरच्या फ्राउ रॉयटर होत्या. वृद्ध, एकट्या, नियमांच्या पक्क्या.

"हेर टिपणीस, आज रूहेटाग आहे. रविवारी शांतता पाळायची असते. गाण्याला माझी ना नाही. पण सकाळपासून चालू आहे."

"माझ्या घरात काहीही चालू नाही."

"घरात नव्हे. केलरमध्ये, खाली तळघरात." त्या थोड्या घुटमळल्या. "आणि तिथे फार गारठा असतो. त्या बाईंना खोकला झालाय. निदान अंगावर काहीतरी द्या त्यांच्या."

उल्हासने दार लावून घेतले. 'म्हातारीला भ्रम झालाय,' असे तो मनात म्हणाला. तरीही खाली गेला.

तळघर शांत होते.

यंत्राचे आकडे तेवढे हिरवे चमकत सरकत होते. मागे विजेच्या तारेखेरीज एकही तार जोडलेली नव्हती. स्पीकर तर त्या कप्प्यात नव्हताच.

तो हसला. यंत्राला हेडफोन लावून तो स्टुलावर बसला.

आणि थक्क झाला!

काय तो आवाज! सासूबाई हातभर अंतरावर बसल्यासारख्या. दोन श्लोकांच्या मधला श्वास ऐकू येत होता. ओठ ओले केल्याचे ऐकू येत होते. मग... घसा खाकरल्याचे.

पूर्वी हे कधी ऐकल्याचे त्याला आठवेना. परंतु भीती वाटण्यासाठीही थोडा विनय लागतो. याला वाटला तो अभिमान. त्याने तिथूनच पुष्करला फोन लावला.

"पुष्कर, आवंढा ऐकू येतो रे! अक्षरशः आवंढा!"

"गेनाऊ! अगदी बरोबर! यालाच डिटेल म्हणतात!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कारखान्यातून येताच, तो पुन्हा खाली उतरला.

आज पंख्याची घरघर नव्हती. कुकरची शिट्टीही नव्हती. 'गोंगाट गेला,' तो मनात म्हणाला. 'भाग पिकले.'

आवाज मात्र घोगरा झाला होता. एकेक चरण ओढून, रेटून म्हटल्यासारखा. चार श्लोक, की खोकला. पुन्हा चार श्लोक...

त्याने डोळे मिटले. मागे काहीतरी होते. फार बारीक.

ठिबक... ठिबक...

नळ असावा. पुण्याच्या घरातला.

मग एक गुरगुर. तापवलेले पाणी नळीतून फिरते, तशी.

उल्हासने डोळे उघडले. पुण्याच्या घरात भिंतीतून गरम पाण्याच्या नळ्या कुठून येणार?

त्याने हेडफोन एका कानावरून उचलला. समोरच्या भिंतीवरची नळी गुरगुरत होती. तिच्या सांध्यातून पाणी गळत होते.

ठिबक... ठिबक...

त्याने हेडफोन पुन्हा नीट बसवला.

आता जिन्यावर पावले वाजत होती. हेडफोनमध्ये. जड बूट, एक एक पायरी खाली. किल्ल्यांचा जुडगा. कुलूप. पट्ट्यांचे दार करकरले. स्टूल सरकले.

नुकताच तो स्वतः आला होता... नेमका तसा.

स्तोत्र अर्ध्या चरणात थांबले.

कोणी आल्याची चाहूल लागली की माणूस थांबते, तसे.

आकडे सरकत होते. यंत्र चालू होते. श्वास ऐकू येत होता. थकलेला, जवळचा.

आणि मग, दोन्ही कानांच्या मधोमध, अत्यंत आर्जवाने...

"जावईबापू... पुरे का?"

तीनच शब्दांचे उत्तर होते. शत्रूलाही देता यावे असे.

उल्हासने हेडफोन फेकला, भिंतीतला प्लग उपटला आणि जिना चढून वर धावला.

गुरुवारी ऊर्मिला परतली. शुक्रवारी सकाळी तिने सीडी रेडिओत लावली. उल्हासने ती आदल्या दिवशी जागेवर आणून ठेवली होती.

काहीच वाजले नाही.

आकडे सरकत होते. पहिला भाग मुका. दुसराही मुका. ती बटण दाबत शेवटच्या भागावर गेली. तेथेही बराच वेळ शून्य. मग एका दहा वर्षांच्या मुलीचा स्वच्छ आवाज आला.

"पावलं. उठावं आता."

कोणाला म्हणत होती, ते कळायला दुसरा आवाज नव्हताच.

ऊर्मिला खुर्चीवर बसली. "उल्हास, काय केलंस तू?"

त्याने सांगितले. आधी यंत्राचे, भाग पिकण्याचे, मग फ्राउ रॉयटरांच्या तक्रारीचे, आणि सर्वांत शेवटी प्रश्नाचे.

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? प्लग काढला."

"तिनं विचारलं, आणि तू प्लग काढलास?"

"अगं, ते रेकॉर्डिंग..."

"टुकार, हो ना?" ती इतक्या शांतपणे म्हणाली की त्याला मान वर करवेना. "ऊठ. खाली चल. तू बसवलंयस तिला. माझ्या सांगण्यानं ती उठणार नाही, तूच सांग."

दोघे खाली गेली. बंद यंत्रासमोर ऊर्मिलेने आसन घातले, दिवा लावला, हात जोडले. उल्हास उभा राहिला. पलीकडच्या कप्प्यात कोणी बटाटे काढायला आले होते. त्याने एकदा तिकडे पाहिले आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटला, "पावलं, उठावं आता."

"हात जोड," ऊर्मिला म्हणाली. "मोठ्यानं म्हण."

"म्हटलं ना! आणखी किती वेळा?"

म्हटले खरे. टोलनाक्यावर पैसे टाकून पुढे निघावे, तसे. शब्द उच्चारणे आणि मनापासून निरोप देणे यांत जे अंतर आहे, ते कोणत्याही सुट्या भागाने भरून निघत नाही.

तळघरात काहीही झाले नाही. दिवा शांतपणे तेवत राहिला.

रविवारी ऊर्मिला केक घेऊन फ्राउ रॉयटरांकडे गेली. झाल्या त्रासाबद्दल क्षमा मागितली. म्हणाली, "आता यंत्र बंद आहे. प्लगही काढलाय."

"यंत्राचं मला काही माहीत नाही," फ्राउ रॉयटर म्हणाल्या. "त्या तुमच्या आई आहेत का? चार-पाच दिवस गात नव्हत्या. मी धुणं घेऊन खाली गेले की काहीतरी विचारायच्या. छोटंसंच. मला तुमची भाषा येत नाही, पण विचारतायत हे कळायचं."

ऊर्मिलेने हातातली बशी खाली ठेवली. "आज विचारलं?"

"नाही." त्यांनी केकचा तुकडा तसाच ठेवला. "आज विचारलं नाही त्यांनी. आज पहाटेपासून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागल्यात. आवाज पार बसलाय हो त्यांचा."

ऊर्मिला तशीच अनवाणी जिना उतरून खाली गेली. पट्ट्यांच्या दाराला कान लावून बसली. उल्हासही आला. त्यानेही कान लावले.

दोघांनाही काहीच ऐकू आले नाही.

जिन्याच्या वरच्या पायरीवर फ्राउ रॉयटर उभ्या होत्या. त्यांनी एकदम तोंडावर बोट ठेवले आणि दोघांना खुणेने सांगितले, की बोलू नका... त्या म्हणतायत.