फाटकाबाहेरचा शिकारी

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. पटवायला मी बसलेलो नाही. घडलं ते सांगतोय, तेही पूर्णिमाताईला विचारून. पूर्णिमाताई म्हणजे माझी सख्खी मावसबहीण. वनखात्यात वनरक्षक आहे.

पुण्यातलीच एक टेकडी तिच्याकडे आहे. टेकडीचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर रविवारी तिथे जत्रा भरेल, आणि ताई मला फाडून खाईल.

दिवस मात्र सांगतो. यंदाचा बारा मे. पहाटेचे पाच चाळीस.

त्या टेकडीवर तितर आहेत. राखी रंगाचा, कोंबडीहून लहान, गवतात लपणारा पक्षी. दिसत नाही, पण ओरडायला लागला की अख्खी टेकडी जागी करतो. म्हणून त्याची मोजणी कानाने करायची असते. पाच ठरलेल्या जागा. प्रत्येक जागी दहा मिनिटं गप्प उभं राहायचं, आणि किती नर ओरडले ते लिहायचं.

आदल्या आठवड्यात ताईने सतरा मोजले होते. दहा वर्षांपूर्वी तिथे चार होते. फासे लावणाऱ्यांना पकडून, वणवे विझवून, कुत्री सोडणाऱ्या फिरायला येणाऱ्यांशी रोज भांडून तिने चाराचे सतरा केले होते. तिला मूलबाळ नाही. कोणी त्यावरून बोललं तर ती म्हणते, "सतरा आहेत की."

बारा मेला पहिल्या जागी ती उभी राहिली.

आवाज नाही.

दुसऱ्या जागी ओरडले. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या जागीही. पण पहिल्या जागचे तीन... गप्प.

तिने गवत पालथं घातलं. फासा नाही, पीस नाही, रक्ताचा थेंब नाही. फक्त एक वास होता. फटाका उडाल्यावर येतो तसा.

"इरफानभाई, वास येतोय का?" तिने विचारलं. इरफानभाई तिच्यासोबतचे वनमजूर, वीस वर्षं त्याच टेकडीवर काम केलेले.

"नाही मॅडम. काहीच नाही."

तेरा मे. दुसरी जागा गप्प. आणखी तीन गेले.

त्या दिवशी तिने बार ऐकला. एकच, कोरडा. पाखरं भर्रकन उठावीत असा आवाज... पण आभाळात एकही पाखरू नव्हतं. पाच पावलांवर एक आजोबा हात वर करून व्यायाम करत होते. त्यांनी मानही वळवली नाही.

"तुम्ही काही ऐकलंत का हो?"

"ऐकलं ना. तुमची शिट्टी. रोज ऐकतो," आजोबा म्हणाले आणि पुन्हा हात वर केले.

चौदाला तीन. पंधराला तीन.

राहिले पाच. सगळे पाचव्या जागी, करवंदीच्या जाळ्यांपाशी. तिथेच एका जाळीखाली एक मादी सात अंड्यांवर बसली होती. ताईने दहा दिवस त्या वाटेला काटे टाकून माणसांना दूर ठेवलं होतं.

रोज तीन. चोर असा मोजून नेत नाही. मोजून कोण नेतो?

तेव्हा तिला नोंदवही आठवली.

अकरा मेला वरून हुकूम आला होता. चौकीतल्या जुन्या वह्या स्कॅन करायच्या आहेत, प्रत्येक पान तपासून सही करून पाठवा. चौकीच्या माळ्यावर चाळीस वह्या. सरकारी नोकरीत अशा वेळी माणूस काय करतो? वाचत बसत नाही. मोकळी जागा दिसेल तिथे सही ठोकतो. ताईनेही ठोकल्या.

चाळिसावी वही शिकारीच्या परवान्यांची होती. बहात्तरचा कायदा येण्याआधी त्या टेकडीवर परवाना काढून शिकार चालायची. हंगाम ठरलेला, रोज किती पक्षी मारायचे तेही ठरलेलं.

तिने वही पुन्हा काढली. शेवटची नोंद अशी होती.

नाव, रंगराव. पक्षी, तितर, रोज तीन. तारीख, बारा मे एकाहत्तर. आत, पाच चाळीस.

बाहेर... रिकामं.

आणि 'सोबतचा रक्षक' या रकान्यात ताईची स्वतःची सही. ताजी, निळी.

त्या जागी तेव्हा कोणाची सही का नव्हती?

त्या काळचा रक्षक अजून हयात होता. संपतबाबा. ऐंशी पार केलेले, पूर्वी गाव असलेल्या आणि आता शहराने गिळलेल्या एका वस्तीत राहणारे. ताईने त्यांच्यासमोर वही उघडली. त्यांनी सही पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"बाई, ह्ये काय केलंत?"

"बाबा, नीट सांगा."

"रंगराव लई मोठा मानूस. पर त्यो आला मे म्हैन्यात. मादी अंड्यावर. हंगाम बंद. म्या म्हनलं, न्हाई. त्यानंच वहीत सोताचं नाव लिवलं, येळ लिवली. म्हनला, सही कर. म्या म्हनलं, हात तोडा, सही करनार न्हाई. रक्षकाच्या सहीबिगर फाटक उघडत न्हवतं."

"मग?"

"मग उभा ऱ्हायला. फाटकाबाहेर, बंदूक घिऊन. म्हनला, तू सही करस्तोवर हलनार न्हाई. ऊन चढलं. दुपारी फाटकाला टेकून बसला... उठलाच न्हाई. छातीत कळ आली म्हनले डाक्टर."

संपतबाबांनी वही मिटून ताईकडे सरकवली.

"नोकरी हुती तवर रोज पहाटं फाटकाबाहेर खोकला ऐकायचो म्या. म्हनायचो, खोक लेका. आत न्हाई यायचास. पन्नास वर्सं उभा हुता त्यो, बाई. तुमी आत घेतला."

ताईला रडू आलं, आणि ती रडली. मला तिने हे स्वतः सांगितलंय, म्हणून लिहितोय. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "सही खोडली तर?"

"आत आलेला मानूस खोडून भाईर जातो व्हय?"

"बाहेरच्या रकान्यात वेळ लिहिली तर?"

"जाताना डोळ्यानं बघितल्याबिगर लिवायचं न्हाई. आन लिवलं म्हनून कोन जातंय?" मग ते पुढे वाकले. "पर सोबतचा रक्षक सोबत लागतो. त्याच्या शब्दाबिगर चाप वडायचा न्हाई. पयल्या पानावर छापलंय. मानूस नियमाचा हुता. उगं सहीसाठी मेला का?"

ताईने पहिलं पान उघडलं. छापलेलं होतं.

सोळा मे.

ताईने इस्त्रीचा गणवेश घातला. इरफानभाईंना चौकीत थांबवलं आणि एकटी फाटकाशी गेली.

पाच चाळीस.

कुलूप जागेवर होतं. साखळी मात्र हलली... थोडीशीच. कुणीतरी हात लावून बाजूला केल्यासारखी.

कोणीतरी खोकलं.

मग मागे पावलं. जड बुटांची. ती थांबली की थांबायची, ती चालली की चालायची.

ताईने मागे पाहिलं नाही. चालत राहिली. पहिली जागा... गप्प. दुसरी, तिसरी, चौथी... गप्प. आपण चार दिवस कोणाच्या तरी अंत्ययात्रेत चालतोय असं तिला वाटलं.

पाचव्या जागी तितर ओरडला. कातीतर... कातीतर...

तिच्या कानामागे, हातभर अंतरावर, बंदुकीचा घोडा ओढल्याचा आवाज आला.

टक्.

"नाही," ताई म्हणाली.

सगळी टेकडी थांबली.

"रंगरावसाहेब, सही माझी आहे. चुकून केली, पण माझी आहे. म्हणजे सोबतची रक्षक मी. आणि मी शब्द देत नाही. विणीचा हंगाम आहे, मादी अंड्यांवर आहे. चार दिवस मी सोबत नसताना तुम्ही बारा मारलेत, तो नियमभंग झाला. मोठे होतात म्हणे तुम्ही! अंड्यावरची मादी मारायला मोठेपणा कशाला लागतो?"

थंडगार श्वास तिच्या मानेवर आला. मे महिन्यात तिचे दात वाजायला लागले.

"उभं राहायचं तर राहा. पन्नास वर्षं राहिलात, सवय असेलच."

किती वेळ गेला, तिला सांगता येत नाही.

मग घोडा हळूच खाली बसला.

आणि जाळीतून तितर पुन्हा ओरडला.

तेव्हापासून ताई रोज जाते. रोज पाच चाळीसला, रोज एकदा "नाही" म्हणायला. अंडी फुटली. सातपैकी सहा पिल्लं जगली. बढतीचा कागद आला, बदलीसकट. तिने परत पाठवला. रेंजरसाहेब म्हणाले, "अहो मॅडम, वेड लागलंय का?" ती म्हणाली, "लागलं असेल. रजा मागत नाहीये ना?"

जुलैत तिला एकशे चार ताप भरला. एकच पहाट चुकली.

तीन गेले.

दुसऱ्या दिवशी इरफानभाईंच्या खांद्यावर हात टाकून ती टेकडी चढली. आता ती सदाशिव पेठेत आमच्याकडे आली तरी रात्री राहत नाही. माझ्या मुलीच्या बारशालाही राहिली नाही.

परवा मी तिला विचारलं, "ताई, अजून किती दिवस?"

तिने जुनी नोंदवही माझ्यासमोर ठेवली आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. नियम तिसरा. बंद हंगाम, तीस सप्टेंबरपर्यंत. एक ऑक्टोबरपासून तितराची शिकार खुली. रक्षकाने विनाकारण अडवू नये.

मी ती तारीख दोनदा वाचली.

"मग एक तारखेला काय सांगणार त्याला?"

"बहात्तर साली कायदा आला. शिकार कायमची बंद झाली. त्याआधीच गेला बिचारा, त्याला कुठे माहीत असणार? वाचून दाखवीन."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर त्याच्या आणि त्या जाळीच्या मधे मी उभी असेन," ती म्हणाली आणि गणवेशाला इस्त्री करायला लागली.

आज तीस सप्टेंबर आहे. मी घाबरट माणूस आहे, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी उद्या पहाटे पाच चाळीसला मी तिथे जाणार आहे.

फाटकाच्या आत. तिच्या शेजारी.